साहेबांच्या फोनची वायर

वाशीच्या आमच्या ऑफिसात मी एकटीच बाई प्रोग्रामर, तीही प्रोबेशनवर. कंपनीचं न्हावा शेव्याला कंटेनर यार्ड होतं. तिथल्या गेटवर पास छापणारा प्रोग्राम माझा, आणि त्या सकाळी तो बंद पडला. पासाच्या नंबराला मी तीनच आकड्यांची जागा ठेवली होती. हजारावा पास आला आणि गाडं अडलं. चूक माझीच, नाकारू कशाला?

साहेब म्हणाले, "यार्डात बायकांचं काम नाही. सीनियरला जीपने पाठवतो. दुपारपर्यंत पास निघाले नाहीत तर तुम्ही परमनंट व्हायचं विसरा."

माझं डोकंच फिरलं. प्रोग्राम दुसऱ्याने निस्तरायचा आणि नोकरी माझी जायची? मी म्हटलं, "जीप राहू द्या. इथूनच करते."

माझ्या टेबलावर मोडेम होता. फोनच्या लाइनीवरून यार्डातला सर्व्हर माझ्या स्क्रीनवर यायचा, पण अक्षरं रेशनच्या रांगेतल्यासारखी एकेक करून सरकायची. फाइल उघडली, ती ओळ सापडली, बदलायला घेतली आणि लाइन तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. दोन्ही वेळा केलेलं सगळं पाण्यात.

कारण त्याच लाइनीचा दुसरा फोन साहेबांच्या केबिनमध्ये होता. काम चाललंय की नाही हे कळावं म्हणून ते मधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावत होते. उचलू नका, मी दोनदा जाऊन सांगितलं. "अहो, मी फक्त ऐकतोय," म्हणाले.

तिसऱ्यांदा लाइन तुटली तेव्हा मी सरळ केबिनमध्ये गेले, भिंतीतून त्यांच्या फोनची वायर उपटली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. टेबलाशी येऊन लाइन पुन्हा जोडली, ओळ बदलली, सेव्ह केली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. मग यार्डाचा फोन लागावा म्हणून मोडेम बंद करून फोनजवळ बसून राहिले.

यार्डाच्या गेटवर तिथल्याच गावचे एक काका होते. त्यांचा फोन आला. "पास निंगला, बाय. पयली गारी गेली."

वायर मी परत नेऊन दिली. सॉरी म्हटलं नाही. परमनंटचं पत्र आलं, त्यात माझ्या वागणुकीबद्दल एक खोचक ओळ होती. असू दे.

पुढच्या वेळी प्रोग्राम अडला तेव्हा साहेब स्वतःच केबिनमधून बाहेर आले आणि गुंडाळलेली वायर माझ्या टेबलावर ठेवून गेले.