नव्या प्लेटांचं बिल

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी महाळुंग्याच्या रस्त्यावरचा तो अपघात मनातून जात नाही.

ट्रकने कारला मागून धडक दिली आणि कारमधली बाई जागीच गेली. कार चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या फिर्यादीवरून आम्ही ट्रकचालकाला अटक केली. तो एकच सांगत होता, "साहेब, कार चालता चालता मधेच थांबली." असं बहुतेक चालक म्हणतात. मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या कारचा गिअरबॉक्स उघडून बघा. मागच्याच महिन्यात आमच्या गॅरेजात बांधलाय."

फिर्यादी लातूरकडचा. कंपनीत प्रेसखाली डावा पाय अधू झालेला, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. गॅरेजच्या बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, गिअरबॉक्सच्या आतल्या सर्व क्लच प्लेटा नव्या. आरटीओच्या निरीक्षकांकडून पंचांसमक्ष गिअरबॉक्स उघडून घेतला. प्लेटा जुन्याच होत्या. काळ्या पडलेल्या, तेलाला जळका वास. अशा प्लेटा घसरल्या की इंजिन चालू राहतं, पण गाडी जागीच थांबते.

दापोडीच्या गॅरेजमालकाला बोलावलं. दोन तास तो उडवाउडवी करत राहिला. पंचनामा पुढे ठेवल्यावर बोलला.

"पूर्ण कामाचे नव्वद हजार सांगितले व्हते. ते म्हणाले, चाळीसात काय होईल? आमी गळती काढली, जुन्याच प्लेटा साफ करून बसवल्या. टिकायचं न्हाई, हेबी सांगितलं."

"मग बिलात नव्या कशा?"

"त्यांनीच लिहायला लावलं."

मला पटलं नाही. फिर्यादीला बोलावून विचारलं. त्याने बिल हातात घेऊन परत टेबलावर ठेवलं.

"खरं हाय, साहेब. आधी एकदा गाडी अशीच थांबली होती. तेव्हापासून बायको गाडीत बसायलाच तयार नव्हती. बिल दाखवलं, मग बसली. बोनस आला की पूर्ण काम करणार होतो."

जबाबावर सही करताना त्याने विचारलं, "तिच्या आईला कळंल का हे?"

"कोर्टात सगळं पुढे येईल," मी म्हणालो.

गॅरेजमालकासोबत फिर्यादीलाही आरोपी करावं लागलं. खोटं बोलणारा स्वतःची कातडी वाचवत असतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. याने बायकोची भीती घालवण्यासाठी खोटं लिहून घेतलं होतं. त्यानंतर कुणाचं खोटं पकडलं की मला पूर्वीसारखं समाधान वाटलं नाही.

त्या दिवशी सही झाल्यावर मी त्याला खोलीबाहेर आणलं. बाकावर त्याची सासू डबा घेऊन बसली होती.

"आधी दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून दिली.