गाय कोरडी करावी

रसायनीच्या एका कंपनीत नम्रता पंपांची माहितीपुस्तकं लिहायची. पंप कसा बसवायचा, तेल कुठे सोडायचं, कशाला हात लावायचा नाही, हे ती इतकं सोपं लिहायची की वाचणाऱ्याला आपणच हुशार आहोत असं वाटावं. घरचं सांगायची वेळ आली की मात्र बाईंची बोबडी वळायची. आई हाउसवाइफ, एवढंच तिने ऑफिसात सांगून ठेवलं होतं. ती आई कडावला सहा गाईंचं शेणघाण करते, धारा काढते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणीतरी तिच्या ओढणीला शेणाचा वास येतो म्हणालं होतं, तेव्हापासून गोठ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं.

मग कंपनीने दूध काढायचं यंत्र आणलं आणि त्याचं पुस्तक नम्रताकडे आलं.

"विषय अनोळखी आहे. गाईम्हशींतलं आपल्यात कुणालाच काही कळत नाही," तिचे वरिष्ठ नवीनसर म्हणाले.

"मलाही नाही," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला जराही वेळ लागला नाही.

तरी पहिल्या खर्ड्यात सवयीने लिहून गेली, 'विण्याआधी दोन महिने गाय आटवावी.'

सर हसले. "आटवतात ते दूध, बासुंदीला. गाय कशी आटवणार? कुठून आणलास हा शब्द?"

गाभण गाईचं दूध हळूहळू बंद करून तिला विसावा द्यायचा, त्याला आटवणं म्हणतात, आणि हे मला आईने शिकवलं. एवढं सांगायचं होतं. नम्रताने शब्द खोडला. यंत्राच्या मूळ इंग्रजी पुस्तकात गाय कोरडी करा असं होतं, म्हणून गाईतलं काहीच कळत नसल्यासारखं तिने लिहिलं, 'गाय पुसून कोरडी करावी.' तसंच छापलं गेलं.

यंत्र दाखवायला खालापुरात गावोगावच्या दूधवाल्या बायका बोलावल्या. नम्रताने माइकवर पुस्तक वाचायला घेतलं आणि त्या ओळीला हशा पिकला.

"पुसायची कशानं, टावेलानं?" एकीने विचारलं.

मागून एक बाई उठली. "आटवायची म्हनतात त्याला." कडावहून एकटीच आलेली ती बाई म्हणजे नम्रताची आई, सुनिता.

"अगं, हाच शब्द तू आधी लिहिला होतास," सर म्हणाले. "तुला कुठे मिळाला?"

आई तिच्याकडे बघून हसत होती. कौतुकाने.

"नेटवर सापडला होता, सर," नम्रता म्हणाली.

आईचं हसू मावळलं.

"यांचं नाव लिहून घे," सर म्हणाले. "नव्या पुस्तकात आभार मानू."

नम्रता वही घेऊन आईसमोर उभी राहिली. लाजेने तिची मान वर होईना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

"नाव?"

"सुनिता."

"आडनावही सांगा," सर मागून म्हणाले.

"आडनाव नको, सायेब," आई म्हणाली. "माजी पोरगी हापिसात हाय. तिला बरं नाय वाटायचं."