फळ्याच्या कोपऱ्यातला पट

आमच्या कंपनीत कामाच्या जागी फोन नेता येत नाही. कंपनी उरवड्याला, तिथे गेटवरच लॉकर आहेत. आत जाताना फोन त्यात ठेवायचा आणि पाळी सुटली की घ्यायचा. पाच आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी साडेतीनला मी लॉकर उघडला, तर दत्ताचे चार मिस्ड कॉल दिसले. साडेतीन वर्षांत त्याचा मला एकही फोन आला नव्हता, मीही केला नव्हता. ते चार कॉल बघून मला काळजी वाटली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की याचं आता काय काम निघालं? ... मी चहा घेतला. गाडीत पेट्रोल भरलं. पिरंगुटच्या चौकात नेहमीसारखी वाहनं तुंबली होती, तिथे थांबल्या थांबल्याही फोन लावता आला असता. लावला तो कासार आंबोलीच्या फाट्यावर, तोही गावात शिरण्याआधी काय ते कळावं म्हणून. पलीकडे त्याचा मुलगा होता. "काका, सकाळपासून लावतोय. पप्पा गेले... चारपर्यंत थांबलो तुमच्यासाठी. आत्ताच अग्नी दिला." तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

दत्ता आमच्या भागातल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचा. गावाला तो 'सर' होता, मला दत्ता. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी आयटीआय करून कारखान्यात लागलो आणि तपासणी विभागात आलो. तिथे माल हातात आला की तो आधी नापासच धरायचा. गेज म्हणजे मापाचा साचा, त्याच्या एका बाजूनं तुकडा आत गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूनं जाता कामा नये, एवढं झालं की मगच पास. ज्याचा माल त्याचा शब्द आम्ही धरत नाही. वीस-बावीस वर्षं हे काम केल्यावर ती सवय कपड्यांसारखी गेटवर उतरवून ठेवता येत नाही, ती घरी येते. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी वाकून बघतो. जमिनीचं गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या चपला बघतो. दत्ताला हे ठाऊक होतं. "शिवा, तुझ्या लग्नात तू हाराची फुलंसुदीक मोजली असशील," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मीही हसायचो.

त्याच्या शिकवण्याच्या दोन खोडी सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होत्या. गणित चुकलं तर तो फुली मारायचा नाही. खाली बारीक अक्षरात 'परत कर' लिहायचा. आणि वर्गात आल्याबरोबर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे लिहायचा. प्राथमिक शाळेत गुरुजी लिहितात ना, वर्गात मुलं किती आणि आज आली किती, तसे. ज्युनियर कॉलेजात असलं कोणी करत नाही. बाकीचे मास्तर त्याला हसायचे. दहावीचा निकाल लागला की हा मोटारसायकल काढून गावोगाव हिंडायचा, गणित घेणारी मुलं गोळा करायला. आमच्याकडची बहुतेक मुलं बायोलॉजी धरतात, नर्सिंगला किंवा फार्मसीला जातात आणि गणिताची तुकडी दरवर्षी रोडावते. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारायचंच, "काय सर, यंदाची भरती किती?"

माझ्या मुलीला, ऋतूला, विमान उडवायचं होतं. गावावरून लढाऊ विमानं जातात तेव्हा आवाज मागून येतो, विमान पुढे निघून गेलेलं असतं. ती लहान असताना दत्तानं तिला अंगणात उभं करून सेकंद मोजायला शिकवलं होतं. विमान डोक्यावर आलं की मोजायला लाग, आवाज आला की थांब, आता सांग किती वर असंल. तिथून हे वेड लागलं. पुढे डोंगरापलीकडच्या सैनिकी प्रबोधिनीत मुलींनाही घ्यायला लागले, तेव्हा ही बातमी आमच्या घरी घेऊन आला तोच. अकरावीला ऋतूनं दत्ताच्याच कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी असे चारही विषय घेतले. वर्षाच्या शेवटी गणितात एक्केचाळीस पडले. बारावीच्या सुरुवातीला विषय बदलायची सोय असते. पालकांची आणि विद्यार्थ्याची सही घालून अर्ज द्यायचा. मी ठरवलं, गणित काढायचं आणि त्याजागी भूगोल घ्यायचा. टक्केवारी वाढेल, नर्सिंगचा रस्ता उघडा राहील.

दत्ता त्याच संध्याकाळी आला. ऋतू आणि तिची आई घरात नव्हत्या. ओट्यावर बसलासुद्धा नाही.

"बायोलॉजी ठेव, मी न्हाई म्हणत न्हाई. पर गणित काढू नगंस."

"एक्केचाळीस पडलेत तिला."

"मला छत्तीस व्हते अकरावीत."

"म्हणून तर मास्तर झालास."

तो हसला, पण लगेच थांबला. "शिवा, नीट ऐक. भूदलाला कुठलीबी शाखा चालती. पर तिला विमान पायजे. हवाई दल बारावीच्या गुणपत्रिकेवर फिजिक्स आन् गणित बघतंय. आज काढलंस तर तो रकाना जन्माचा कोरा ऱ्हाईल. उद्या पदवी घेतली तरी मागं वळून बारावीच बघत्यात."

मी त्याला विचारलं, "तुझ्या तुकडीत पोरं किती हायेत?"

"अकरा."

"आन् तुकडी टिकायला पुरत्यात का तेवढी?"

"न्हाई पुरत."

"मग तसं सरळ बोल की मर्दा. पोरीच्या विमानाचं कशाला सांगतोस?"

त्याचा आवाज चढला नाही. "व्हय, मला पोरं पायजेत. तुकडी गेली तर मी अतिरिक्त ठरतोय, कुटं फेकतील ठाव न्हाई. हे खोटं न्हाई. पर मला पोरं पायजेत म्हणून तुझ्या पोरीला गणित नगं, असं कसं व्हईल?"

आज ते वाक्य मला शब्दाशब्दानं आठवतं. त्या दिवशी मी अर्धंच घेतलं. मला पोरं पायजेत, एवढंच. माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, आता आणखी काय तपासायचं, असं मला वाटलं.

ऋतू सही करेना. दोन दिवस जेवताना बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, "सरांशी बोललोय मी. तेच म्हणाले, तिला गणित झेपायचं न्हाई."

तिनं वर बघितलं. "सर म्हणाले?"

"व्हय."

"असंच म्हणाले?"

"असंच."

तिनं पेन उचललं आणि सही केली. मी अर्ज खिशात घातला. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, तिच्या आईलाही नाही.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी कामावर होतो. पाळी सुटल्यावर लॉकर उघडला तर दत्ताचे चार मिस्ड कॉल आणि एक मेसेज, 'पाचपर्यंत ऑफिस उघडं आहे.' घड्याळात पावणेचार झाले होते. उरवड्याहून कॉलेज काही लांब नाही. मी फोन खिशात टाकला आणि टपरीवर गेलो. तिथे, कोणी विचारलं नसताना, सांगितलं की दत्ताला आपल्या पोरांचं काही पडलेलं नाही, त्याला पटापुरती डोकी हवीत. माझ्या बोलण्यानं अकरावीत येणाऱ्या किती जणांनी गणित सोडलं ते मला माहीत नाही. दोघांनी तरी नक्की, कारण त्यांचे बाप तिथेच बसले होते. तुकडी बंद झाली. दत्ता अतिरिक्त ठरला आणि त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन घाट ओलांडून, एका शाळेवर पाठवलं. रोज मोटारसायकलनं जायचा, यायचा. रस्त्यात समोरासमोर आलो की मी आरशात बघितल्यासारखं करायचो. तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, साखर होती, हृदय कमजोर होतं, त्या प्रवासाशी काही संबंध जोडू नका. त्यांनी खरंच सांगितलं असेल. पण मी तपासणीतला माणूस. मला ते पास करता येत नाही...

दशक्रियेनंतर त्याच्या घरी गेलो. अंगणात पाय ठेवला तेव्हापासून मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघतायत. दत्ताच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, पाणी दिलं आणि विचारलं, "ऋतू न्हाई आली?"

"ती कशाला..."

"दर रविवारी यायची की, भावजी. सवय झालीया डोळ्यांना."

पाणी माझ्या हातातच राहिलं. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, रविवारी मी कामावर असतो. ऋतू रविवारी पौडच्या वाचनालयात जाते, असं मला घरात सांगितलं होतं. एकदा तिच्या बाहीवर खडूची भुकटी दिसली होती, तेव्हा मला संशय आला होता की पोरगी चोरून शिकवण्या घेते. आणि आता हे ऐकल्यावरही माझ्या मनात पहिलं काय आलं? मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्याच अंगणात उभा राहून मी विचार केला, यानं माझ्या पोरीच्या मनात माझ्याविषयी काय काय भरवलं असेल?

घरी येऊन ऋतूला विचारलं. तिच्या आईला सगळं ठाऊक होतं, घरात एकट्या मलाच नव्हतं. बारावीच्या दिवाळीपासून ती दर रविवारी दत्ताकडे गणित शिकत होती. विमानाचं दार बंद झालं होतं, पण भूदलाचं उघडं होतं आणि त्या परीक्षेतही गणिताचा एक पूर्ण पेपर असतो. प्रबोधिनीची परीक्षा तिनं दोनदा दिली. थोडक्यात हुकली, मग वय उलटलं. आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांची परीक्षा देणार आहे, तिच्यातही गणित असतं, त्याचीच तयारी चालली होती.

"सरांनी माझ्याबद्दल काय सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्याबद्दल? काही नाही. शाळेत तुम्ही दोघं कैऱ्या कशा पाडायचा ते सांगायचे." मग म्हणाली, "एकदा मीच त्यांना विचारलं होतं, की सर, तुम्हीच म्हणाला होता ना, मला गणित झेपायचं नाही? मग आता का शिकवताय?"

"मग?"

"म्हणाले, व्हय, म्हणालो व्हतो. चुकलं माझं. आता परत करू."

माझं खोटं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि ते घेतल्याचं मला कळूही दिलं नाही. आमच्या खात्यात अशा मालाचं काय करायचं, ते लिहिलेलं नाही.

त्या क्षणी ऋतूला सगळं सांगायला हवं होतं. ते जमलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. तीन आठवडे लिहून खोडत होतो. छापायला देण्याआधी, इथवरचं लिहून झालं तेव्हा, गेल्या गुरुवारी कागद तिच्या हातात दिले आणि गोठ्याकडे निघून गेलो. परत आलो तेव्हा कागद नीट जुळवून ठेवलेले होते.

"सरांना विचारलं तेव्हा ते फळा पुसत होते," ती म्हणाली. "पाठमोरे होते. बराच वेळ पुसत राहिले. फळा आधीच कोरा होता, पप्पा. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग मला का न्हाई विचारलंस?"

"तुम्ही खरं सांगितलं असतं?"

ती उठली. "छापायला द्या," म्हणाली. आणि दारातून, "रविवारी रजा टाका. मला सोडा तिकडं." तिनं मला माफ केलं आहे की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

काल रविवारी गेलो. दत्ताच्या घरामागे, पत्र्याच्या पडवीखाली, भिंतीचा एक चौकोन काळा रंगवलेला आहे. तोच त्यांचा फळा. त्यावर शेवटच्या रविवारचं गणित तसंच होतं, ऋतूच्या अक्षरात, अर्धवट. उजव्या कोपऱ्यात दत्ताचं अक्षर होतं. पट १, हजर १. ऋतू म्हणाली, आल्याबरोबर आधी तेच लिहायचे, मग बोलायला लागायचे.

तिनं ओल्या फडक्यानं फळा पुसला. कोपऱ्यापाशी आल्यावर फडकं बाजूनं वळवलं. मग पुस्तक उघडून नवीन गणित मांडायला घेतलं. मी कट्ट्यावर बसून होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिसऱ्या ओळीशी ती अडखळली ते कळलं. उत्तर काढून तिनं पुस्तकाच्या मागच्या पानाशी ताडून बघितलं. जुळलं नव्हतं. तिनं फुली मारली नाही. खडू घेऊन खाली बारीक अक्षरात लिहिलं, परत कर.