बसलेल्या बाईच्या उंचीवरून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अंधेरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही बारा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच बाजारात येऊन बसणारी कोळीण, तिची एक सकाळ. दिग्दर्शन माझं, कॅमेरा रेश्माचा. रेश्मा वर्सोव्याची. तिची आई मासे विकायची, आणि लहानपणी ही तिच्या शेजारी बसून असायची. मी मुलुंडची. आमच्याकडे मासे बाबा आणायचे, मी फक्त खायचे.

मला काय हवं होतं? क्लोजअप. डोळ्यांत पाणी, वर थोडी बासरी. रेश्माने ट्रायपॉड बाजूला ठेवला आणि कॅमेरा एका पालथ्या क्रेटवर टेकवला. फ्रेममध्ये गिऱ्हाइकांची डोकीच नाहीत! नुसत्या पिशव्या, गुडघे, बांगडा दाबून बघणारी बोटं. मी भडकले.

"वाट लावलीस यार. माणसं कुठायत?"

"अगं, बसलेल्या बाईला गिऱ्हाईक असंच दिसतं. तोंड बघायला मान वर करावी लागते ना."

बाजार उठायची वेळ झाली होती, म्हणून मी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे.

मग कच्चं संकलन सरांनी पाहिलं. "डोकी कुणी उडवली?" वर्ग हसला. मी पटकन म्हणाले, "कॅमेरा रेश्माचा आहे, सर." खोटं होतं का ते? नाही. पण ते बोलताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

आणि पोरीची कमाल सांगते. शेवटी एक म्हातारी गिऱ्हाईक भाव न करता पाटीसमोर उकिडवी बसते, "कशी आहेस गं?" विचारते – आणि तिचा चेहरा आपोआप फ्रेममध्ये येतो. त्या कोळणीचा सोडला तर अख्ख्या फिल्ममधला एकमेव चेहरा. रेश्माने कॅमेरा तसूभरही वर नेला नव्हता, म्हाताऱ्या बाईलाच खाली येऊ दिलं. मी लिहिलेला प्रसंग साधाच होता. तिने त्यात जीव ओतला, तोही एक शब्द न वाढवता. शेवटची प्रत बघताना मी ढसाढसा रडले. असं मला शंभर जन्मांत सुचलं नसतं.

स्पर्धेत फिल्म संपली. एका परीक्षकांनी विचारलं, "कॅमेऱ्याची ही उंची कुणी ठरवली?" माइक माझ्या हातात. रेश्मा दुसऱ्या रांगेत, आईला घेऊन बसलेली.

मी म्हणाले – "मी."

तेवढ्यावर तरी थांबायचं! नाही. "बसलेल्या बाईला गिऱ्हाईक असंच दिसतं," तेही म्हणाले. तिचं वाक्य, तिच्यासमोर. टाळ्या पडल्या. रेश्मानेही वाजवल्या. तिची आई वाजवत नव्हती, ती लेकीकडे बघत होती.

त्याच परीक्षकांनी मला त्यांच्या पुढच्या फिल्मवर सहाय्यक म्हणून घेतलं. रेश्माने कधीच विषय काढला नाही, आणि पुढे फोनही केला नाही. मीही केला नाही.

आता मी शिकवते. दर वर्षी वर्गात तीच फिल्म दाखवते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

कसं सुचलं ते मी सांगितलं. नीट, समजावून, फळ्यावर आकृती काढून.