आप्पांचं ‘काय न्हाई रं’
मोसंबी सोलली की मला ते हॉस्पिटलच आठवतं! माझं एक वृषण गाठीसकट काढलेलं, आन् माझे वडील, आप्पा, मोसंबी भरवत म्हणायचे, "काय न्हाई रं, साधी गाठ हाय." गावाकडनं, न्हावऱ्याहून, चुलते, मित्र, सगळे येऊन हसवायचे. मग एक शिकाऊ डॉक्टरीण आली. "तुमच्या वृषणाचा चांगला भाग आणि कॅन्सरचा भाग, दोन्हीतले इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे त्या हार्मोनला पकडणारे पेशींमधले रेणू, आम्हाला संशोधनासाठी तपासायचेत. चालेल?" मी हसलो, "मॅडम, पेशंट चुकला तुमचा!" कुणीच हसलं न्हाई. मित्र मोबाईलमध्ये घुसला. "आप्पा, तुमाला ठावं व्हतं?" आप्पा फोड सोलतच राहिले. "समद्यांनाच व्हतं. तू भ्याला असतास." म्हंजी आजार माझा, आन् ठावं न्हाई फक्त मला! आता मी बरा हाय, पण आप्पा "काय न्हाई रं" म्हणले की मी त्यांच्या तोंडाकडंच बघत राहतो.