साहेब पहिलीत बसतात

सोलापूर जिल्ह्यात शिक्षणाधिकारी म्हणून मी जितकी वर्षं काढली, तितकी सहसा कुणाला काढू देत नाहीत. शिक्षिका म्हणून लागले, परीक्षा देत देत वर चढले आणि ज्या खुर्चीपुढे उभं राहायला घाबरायची, तिच्यातच येऊन बसले. बाई असूनही सगळे मला साहेबच म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शाळाभेटीचा थाट मात्र मला कधीच मानवला नाही. हार, नारळ, चहा-बिस्किटं, फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’ आणि पाठ करवून पुढे बसवलेलं एक हुशार मूल. मी हार घ्यायची नाही आणि त्या हुशार मुलाला काही विचारायचीही नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांचे चेहरे उतरायचे, पण माझा स्वभावच तिरसट.

एकदा अक्कलकोटच्या पलीकडच्या एका शाळेतून बदलीचा अर्ज आला. पहिलीच्या बाई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या, मराठी मुलखातल्या नातेपुत्याच्या होत्या, तरुण, नव्यानंच लागलेल्या. गावात घरोघरी कन्नड आणि बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘मुले प्रतिसाद देत नाहीत’ असं त्यांनी लिहिलं होतं. मी शिफारस केली की त्या सुटणार होत्या. पण त्या गेल्या तर तिथं दुसरं कुणी येणार नाही, पहिलीचा वर्ग बाईंवाचून राहील, हे मला ठाऊक होतं. सही करण्याआधी म्हटलं, वर्ग तर बघू.

मुलं सतरंजीवर हाताची घडी घालून बसली होती. मी मराठीत नाव विचारलं. एकही मूल बोललं नाही. माझ्या माहेरी कन्नडच बोलतात, म्हणून जरा ऐटीतच एका मुलीला विचारलं, “निन हेसर एन?” तिनं ओठ आणखी घट्ट मिटले. घरच्या भाषेत नाव विचारलं तरी मूल बोलत नाही म्हणजे काय? मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“साहेब, मीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोर कन्नडचा एक शब्द काढायचा नाही म्हणून.”

आता मुलांची काय चूक? मराठी येईल की नाही याचा भरवसा नाही, कन्नडला बंदी. बिचाऱ्यांनी दोन्ही दारं लावून घेतली होती. आधी मला राग आला, मग हसू आलं.

मी चप्पल काढली आणि मुलांच्या ओळीत मांडी घालून बसले. कन्नडमध्येच म्हटलं, मी नवीन आलेय, मला मराठी येत नाही, मला कोण शिकवेल? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी खिडकीकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले, “दार.”

मघाची ती घट्ट ओठांची पोरगी खुदकन हसली. “दार न्हाय वो. खिडकी हाय की ती.”

मग फळ्याला मी छत म्हणाले, खडूला पेन्सिल. सगळा वर्ग माझ्यावर तुटून पडला. कुणी मराठीत दुरुस्त करत होतं, कुणी कन्नडमध्ये माझ्या अकलेची कीव करत होतं. बाई भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या. या मुलांना इतकं येतं हे त्यांनाही त्याच दिवशी कळलं.

निघताना मी म्हटलं, “सही करायला मी तयार आहे. पण दिवाळीपर्यंत थांबा. रोज थोडा वेळ तुम्ही खाली बसा आणि मुलांना शिकवू द्या. त्यांची भाषा तुम्ही शिका.” त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. दिवाळी झाली आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

माझ्या नोकरीत इमारती झाल्या, शाळांना संगणक मिळाले, भाषणंही पुष्कळ झाली. त्याचा अभिमान आहेच. पण निवृत्तीच्या आधी मी मुद्दाम कुठं गेले असेन तर त्या शाळेत. बाई अजून पहिलीलाच होत्या. दारात एक आई पोरीला सोडायला आली होती. “बर्री, कूड्री,” म्हणजे या, बसा, असं बाई तिला नातेपुत्याच्या हेलात म्हणाल्या आणि अख्खा वर्ग त्यांचा हेल दुरुस्त करायला लागला. त्या निमूटपणे मुलांच्या मागून म्हणत होत्या.

मुलांनी मला पाहिलं. एकानं विचारलं, “बाई, ह्या कोण?”

आता ‘साहेब’ म्हणणार, म्हणून मी पदर सारखा केला. बाई म्हणाल्या, “ह्या आपल्याच वर्गात होत्या. खिडकीला दार म्हणायच्या.”

पुढच्या ओळीतली एक पोरगी सतरंजीवर सरकली आणि तिनं मला जागा करून दिली. मी चप्पल काढून बसले.