कोणी कोणाचा नंबर मागायचा नाही

रेणू गावंडे आर्वीची. अमेरिकेला यायच्या आधी तिथल्या शाळेत पाच वर्षं पीटी शिकवलेली. पोट दुखतंय म्हणून मैदानाच्या कडेला बसणारी पोर खरी की खोटी, हे ओळखण्यातच तिची निम्मी नोकरी गेली होती. त्यामुळे समोरच्यावर संशय घेणं हा तिचा स्वभाव होता म्हणण्यापेक्षा पेशातली सवय होती.

२००१ साली नवरा कुशल याच्या मागोमाग ती टेक्सासात, प्लेनोला आली. त्याचा व्हिसा कामाचा, हिचा नुसता बायकोचा. म्हणजे पगाराचं काम करायला बंदी. चार वर्षं ती सोसायटीच्या रस्त्यांवरून एकटीच भराभरा चालत राहिली. त्या रस्त्यांवर कुत्र्याशिवाय कोणी पायी दिसत नाही, त्यामुळे गाड्या हळू होत आणि काच खाली करून कोणी तरी विचारी, "गाडी बंद पडली का?" २००५ मध्ये, ग्रीन कार्डचा अर्ज पुढं सरकल्यावर, काम करायची परवानगी देणारं कार्ड हातात पडलं. पुढच्या वर्षी ट्रेनरची परीक्षा देऊन ती पास झाली आणि हायवेच्या कडेला फक्त बायकांची म्हणून एक जिम होती, तिथं लागली. काम काय, तर आलेल्या बाईला मशीन दाखवायचं आणि ती गेली की त्या मशीनवरचा घाम पुसायचा.

जिमची मालकीण डार्लीन. उंच, गोरी, बोलायला मोजकी. वर्षभर पुसणं झाल्यावर रेणूनं तिला स्वतःचा क्लास मागितला. आपल्याकडच्या बायकांसाठी, मराठीतून. डार्लीननं विचार केला आणि सांगितलं, "शनिवारी सकाळी नऊ ते दहा. आठ आठवडे देते. आठव्या शनिवारी मी येऊन मोजीन. बारा बायका असल्या तर तास तुझा. अकरा असल्या तर डान्सवालीचा, तीही हाच तास मागतेय."

रेणू घरी येऊन कुशलला म्हणाली, "बारा म्हंजे काय लागते व? या गावात शंभर मराठी घरं हायेत."

कुशल लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "शंभर हायेत, पण दार कोण उघडते ते पाय आधी."

ती शनिवारी इंडियन ग्रोसरीत भेंडीच्या खोक्यापाशी उभी राहिली. समोरून एक कुंकू लावलेली बाई भेंडीचं टोक मोडत येत होती. रेणू हसली आणि म्हणाली, "हाय! तुम्ही मराठी ना? कुठं राहता?"

बाईच्या हातातली भेंडी तिथंच राहिली. "आमच्याकडे आहे सगळं," असं म्हणून ती गाडी ढकलत डाळींच्या गल्लीत गेली, ती पुन्हा दिसली नाही.

दुसरी म्हणाली, "माझे मिस्टर बघतात ते सगळं." तिसरीनं नंबर दिला, तो एका पिझ्झाच्या दुकानाचा निघाला.

रेणूला तीन आठवडे कळलं नाही की ती काय करतेय. त्या वर्षांत आपल्या माणसाला गाठायची एक ठरीव रीत होती. ग्रोसरीत, मॉलमध्ये, लायब्ररीत कोणी तरी हसून पुढं यायचं, तुम्ही मराठी ना, कुठं राहता, नंबर द्या म्हणायचं. आठवड्यानं फोन यायचा, "घरी या ना, छोटासा कार्यक्रम आहे." घरी गेलं की चहाच्या आधी पांढरा बोर्ड निघायचा, त्यावर वर्तुळं काढली जायची, या वर्तुळाखाली तुमचं वर्तुळ, तुमच्याखाली तुमच्या मैत्रिणींचं, आणि परतताना हातात पावडरीचा डबा असायचा. एकदा असं पोळलेला माणूस जन्मभर हसऱ्या मराठी माणसाला भितो. आणि रेणू तेच वाक्य, तेच हसू घेऊन भेंडीपाशी उभी होती. वर 'तब्येत सुधारायची आहे का' हेही विचारत होती.

पहिली बाई आली ती मालिनी काकू. सदाशिव पेठेच्या, वय बासष्ट, मुलाकडे राहायला आलेल्या आणि गुडघ्यांनी बेजार. मुलगा त्यांना सोडायला आला आणि तासभर काचेसमोर गाडी लावून बसून राहिला. बोर्ड निघाला की आत धावायचं, असं दोघांचं ठरलेलं. निघाला नाही. दुसऱ्या शनिवारीही निघाला नाही. तेव्हा मालिनी काकूंनी फोनवरून गावभर दाखला दिला, "बाई काही विकत नाही. मी दोनदा तपासलं. बोलायला जरा रांगडी आहे, पण विकत नाही."

या दाखल्यावर बायका आल्या. आल्या त्याही रेणूला तपासत आल्या, आणि रेणू त्यांना.

"आठवडाभर काय खाल्लं, खरं सांगायचं," रेणू म्हणायची.

"काही नाही हो, गुरुवारी तर उपवासच होता," दीपा सांगायची. दीपा मुंबईची, एका बँकेच्या कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर बघणारी.

"उपवासाले काय खाल्लं?"

"साबुदाणा... थोडा बटाटा... दाण्याचा लाडू."

"मंग उपवास नव्हता तवा काय खात होतीस, बाप्पा?"

सगळ्या हसायच्या, दीपासुद्धा. पण पुढच्या शनिवारी दीपा लाडू सांगायचा विसरायची आणि रेणू तिच्या कमरेला टेप लावून नुसतं "हं" म्हणायची.

पाचव्या आठवड्यात आकडा अकरावर अडला. सहाव्यात बारावी आली, कोणी न बोलावता. शुभा, नाशिकची, चाळिशीची. आल्याआल्या सगळ्यांकडे बघून हसली. चटई मागच्या ओळीत टाकली. जाताना रेणूला म्हणाली, "छान शिकवता."

रात्री जेवताना रेणू कुशलला म्हणाली, "ते बाई लय हासून राह्यली. काही तरी भानगड हाय."

"तुले बारा पायजे होत्या ना? झाल्या बारा."

"म्हनूनच तं. बरोब्बर बारावी बनून कशी काय आली?"

उत्तर मालिनी काकूंकडून आलं. सातव्या शनिवारी त्या अर्धा तास आधी येऊन दारात उभ्या होत्या. "रेणू, ती बाई माहिताय कोण? तीन वर्षं पावडरी विकल्यात तिनं. आख्ख्या प्लेनोला बोर्ड दाखवलाय. लोकांच्या गॅरेजमध्ये अजून डबे पडून आहेत. आता नवीन गिऱ्हाइकं शोधायला आलीय. आणि लोक काय म्हणणार? ही पहिल्यापासून तुम्हा दोघींची मिळून चाल होती. मी दाखला दिलाय तुझा. माझं नाव जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आम्ही ठरवलंय. ती तरी, नाही तर आम्ही."

"आम्ही म्हंजे किती?"

"मी धरून सहा."

रेणूनं हिशेब केला. शुभाला काढलं तर अकरा, ठेवलं तर सहा. दोन्हीकडून तास डान्सवालीचा. पुन्हा तोच स्प्रे, तोच फडका.

नऊ वाजत आले तेव्हा शुभा गाडीतून उतरताना दिसली. रेणू थेट पार्किंगमध्ये गेली. "ताई, एक विचारते. खरं सांगा. काय विकायले आल्या?"

शुभाचं हसू गेलं. ते गेल्यावर चेहरा बराच थकलेला दिसला. "काही नाही. वर्ष झालं सोडून."

"पर्समध्ये काय हाय?"

शुभानं पर्स उघडून गाडीच्या बॉनेटवर उपडी केली. किल्ल्या, औषधाची पट्टी, लायब्ररीचं कार्ड, अर्धा खाकरा. "मंडळाच्या गणपतीला गेले तर लोक मला बघून पार्किंगमधूनच परत वळतात," ती म्हणाली. "चूक माझी आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुठं तरी चार मराठी शब्द कानावर पडावेत ना. इथं बोलावं लागत नाही, नुसता घाम गाळायचा, म्हणून आले."

रेणूला ते खरं वाटलं. मैदानाच्या कडेला बसलेली खरी दुखरी पोर अशीच बोलायची. अर्थात खोटीही कधी कधी अशीच बोलायची.

ती शुभाला घेऊन आत गेली आणि बाकीच्या अकरा जणींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजपासून नियम. पर्स गाडीत. आत फक्त पाणी, किल्ली आणि चटई. कोणी कोणाचा नंबर मागायचा नाही. घर कुठं, मिस्टर कुठं कामाला, काही विचारायचं नाही. क्लास झाला की घर. ज्याले मंजूर नाही त्याले दार उघडं हाय."

"म्हणजे बोलायचंसुद्धा नाही?" दीपा म्हणाली.

"आकडे मोज. मोठ्यानं मोज."

मालिनी काकू उठायच्या बेतात होत्या. मग त्यांनी शुभाकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि चटई तिच्यापासून दोन हात लांब ओढून बसल्या. "मी लक्ष ठेवणारेय," त्या म्हणाल्या, कोणाला ते नेमकं न सांगता. त्या बसल्या तशा बाकीच्याही बसल्या.

आठव्या शनिवारी नऊला पाच कमी असताना अकरा चटया पडल्या होत्या. शुभाची नव्हती.

"फोन कर ना तिला," दीपा म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली. नंबर कोणाकडेच नव्हता. जिमचे फॉर्म ऑफिसात होते, पण ऑफिसात डार्लीन बसली होती, आणि तिच्याकडे नंबर मागायचा म्हणजे एक बाई कमी आहे हे आपणच तिला जाऊन सांगायचं.

"मी म्हटलंच होतं," मालिनी काकू म्हणाल्या. "काम झालं तिचं. आपल्यातल्या कोणाला तरी गाठलं असणार तिनं. कोणाला गाठलं? खरं सांगा."

अकराजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आश्लेषा नावाची एक मुलगी उगाचच लाल झाली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या. "मला नुसती शिंक येतेय!" ती ओरडली.

नऊ वाजले. डार्लीन हातात कागद घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रेणूनं वॉर्मअप सुरू केला. हात वर, हात खाली. नजर काचेवर. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. डार्लीननं बोट हवेत हलवत मोजलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. रेणूला वाटलं, ही मुद्दामच दोनदा मोजतेय, हिला अकराच पाहिजेत.

नऊ तेराला दार ढकललं गेलं. शुभा आत आली, आणि तिच्या मागून आणखी एक बाई, बुटकी, ठसठशीत, काखेत नवी कोरी चटई.

क्लास जागच्या जागी थांबला. मालिनी काकूंनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "हिला कुठं गाठलंस?"

"तिनं नाही गाठलं," नवी बाईच बोलली. कोल्हापूरकडचा खणखणीत आवाज. "मीच गाठलं तिला, तिच्या दारात. मी नंदा. हिचे डबे माझ्या गॅरेजात हाईत, मोटार भाईर उन्हात ठेवावी लागती. आज सकाळी ते परत टाकायला गेले, तर ही चटई घेऊन निघालेली. म्हटलं, आता नवीन काय धंदा काढला? म्हणाली, व्यायाम. मी म्हटलं, हां, मला येडी समजू नगंस. चल, मीबी येती, बघतीच."

"म्हणून उशीर झाला," शुभा खाली मान घालून म्हणाली. "वाटेत थांबून चटई घेतली त्यांनी."

"फुकट बसून कशी नजर ठेवायची?" नंदा म्हणाली.

डार्लीननं तिसऱ्यांदा बोट फिरवलं, कागदावर काही लिहिलं आणि रेणूला म्हणाली, "तेरा. तास तुझा." आणि गेली. दार बंद होईपर्यंत रेणू तिकडंच बघत होती. मग वळली. डोळे भरून आले होते, पण ते कोणाला दिसू द्यायची तिची तयारी नव्हती.

"जोड्या करा. पोटाचा व्यायाम. एकीनं पाय धरायचे, दुसरीनं उठायचं. उरलेलीचे पाय मी धरते. वीस."

शुभाच्या बाजूला कोणी सरकलं नाही. नंदाच तिच्या पायाशी मांडी घालून बसली आणि तिचे दोन्ही घोटे तिनं असे आवळले, की शुभा आडवी होता होता म्हणाली, "अहो, दुखतंय."

"दुखू दे. निसटतीस म्हणून तर धरलंय."

शुभा उठत होती, पडत होती. नंदा मोठ्यानं मोजत होती, सगळ्या क्लासला ऐकू जाईल असं. सोळा. सतरा. अठरा. शुभाचा चेहरा लाल झाला, केस कपाळाला चिकटले. ती एकदा अर्ध्यावरूनच खाली पडली आणि धापा टाकत म्हणाली, "झाले वीस."

"एकोणीस," नंदा म्हणाली, घोटे न सोडता. "मी बघितलंय. ऊठ."